डावी सहाशे, उजवी सहाशे

सुप्याच्या दगडाबाईला कुणी भेटायला आलं की ती आधी पायांकडे बघायची. पाय बाईमाणसाचे असले तर बोटांकडे. बोटांत साच्यातून काढलेली बाजारी जोडवी दिसली की तोंड वाकडं करायची आणि मग 'या, बसा' म्हणायची. ती स्वतः वेढणी वळायची. वेढणी म्हणजे पायाच्या बोटात घालायचे तारेचे वेढे. दीड वेढा, त्याहून कमी नाही की जास्त नाही, आणि दोन टोकांच्या मध्ये ज्वारीचा दाणा बसेल एवढी फट. पंचवीस वर्षं तिनं हे एकच काम केलं आणि पंचवीस वर्षांत ती फट कधी ज्वारीची बाजरी झाली नाही.

आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईबापांनी तिचं नाव दगडा ठेवलं होतं, आणि तिनं ते नाव राखलं. चिवट, ठेंगणी, आणि चौकशांची भारी हौस असलेली बाई. रस्त्यावर ट्रक बंद पडला तरी हिला त्याचं पोट उघडून बघायचं असायचं. नवरा कानिफनाथ सोनारकी करायचा. ओतकाम, डाग देऊन सांधणं त्याच्याकडे. तार ओढणं, वळणं हिच्याकडे. तो गेल्यावर बाकीचं काम गेलं, वेढणी राहिली, आणि मग वेढणीही जायला लागली. नव्या सुना रेडिमेड घालायच्या.

राहिली ती बैठक. रस्त्याकडच्या खोलीत जमिनीत पुरलेलं बाभळीचं खोड, त्यावर ऐरण, शेजारी शेगडी, आणि हत्यारांची एक लोखंडी पेटी, जी एकट्या माणसाला उचलवत नसे. त्या खोलीवर मुलाचा डोळा होता. गहिनीनाथ वाईट मुलगा नव्हता, पण काळ शहाण्णव सालचा होता, सुप्याच्या माळावर औद्योगिक वसाहत वाढत होती, आणि परगावच्या कामगारांना घरी फोन करायचा असे. गहिनीनाथला एसटीडी बूथची मंजुरी मिळाली होती. जागा रस्त्याकडचीच हवी होती.

"आये, दिवसभर तू हितं बसती, आन् गिऱ्हाईक महिन्यात एक," तो म्हणाला.

"एक येतं ना?"

"ते बी गेल्या महिन्यात आलं न्हाई."

हे खरं होतं, म्हणून ती चिडली. शेवटी मायलेकरांचं ठरलं ते असं, की संक्रांतीपर्यंत बैठकीला धरून राहील असं काम मिळालं तर बैठक राहील आणि बूथ पडवीत बसेल. नाही मिळालं तर ऐरण उपटायची. गहिनीनाथनं हे मोठ्या मनानं कबूल केलं, कारण असं काम कुठूनच येणार नाही हे त्याला माहीत होतं.

ते काम आलं जीपमधून, दसरा झाल्या झाल्या.

जीपमधून उतरली ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. पायांत बूट. दगडाबाईची पंचाईत झाली, बोटं दिसेनात. मुलीनं नाव सांगितलं, प्रज्ञा साळवे, मूळची बेलापूरची, पुण्याला एका प्रयोगशाळेत इंजिनिअर. इथल्या वसाहतीत तिचं कामानिमित्त येणं-जाणं होतं. तिनं खिशातून कागदाची पुडी काढली आणि उलगडून दगडाबाईच्या तळहातावर रिकामी केली. आत तांब्याच्या तारेची दहा-बारा वेटोळी होती. दीड वेढ्याची.

"कुणी वळली ही?" दगडाबाईनं विचारलं.

"स्प्रिंगच्या कारखान्यात, यंत्रावर."

"तरीच. तार तापवून मऊ केल्याली न्हाई. कापली की अंग टाकती. हिची फट बगा, आन् हिची बगा."

प्रज्ञाचा चेहरा उजळला. तिचं नेमकं तेच दुखणं होतं. फटी सारख्या येत नव्हत्या. ते म्हणता म्हणता तिनं सांगितलं, "माझी आजी, बनाबाई, पायात असलीच वेढणी घालायची. लहानपणी मी तिचे पाय मांडीवर घेऊन ती गोल गोल फिरवत बसायचे. परवा ही वेटोळी टेबलावर मांडली आणि एकदम आजीचे पाय आठवले. मग बाजारात विचारलं की इथं वेढणी कोण वळतं. सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं, मावशी."

"सगळ्यांनी म्हंजे दोगांनी. तिसरं कोन उरलंय," दगडाबाई म्हणाली. पण तिला बरं वाटलं. "किती पायजेत?"

"बाराशे."

दगडाबाईनं बाहेर बघितलं, गहिनीनाथ ऐकतोय का म्हणून. तो दारातच उभा होता.

"बाराशे? येवढ्या पायांचं कोन हाय?"

"विमान," प्रज्ञा म्हणाली.

दगडाबाईनं मग तिला सोडलंच नाही. चहा झाला, पुन्हा चहा झाला. प्रज्ञालाही सांगायला आवडत होतं, कारण तिच्या कचेरीत जो तो आपापलं सांगायचा, विचारणारं कुणी नव्हतं. तिनं सांगितलं ते असं. विमानातून खाली बघितलं की रान दिसतं, रानाखाली काय आहे ते दिसत नाही. पूर आला, माणसं झाडीत अडकली, गाडी दरीत गेली, किंवा सीमेवर कुणी झाडाआड दडून बसलं, तर डोळ्यांना पानंच दिसणार. उजेडाच्या लाटा फार बारीक, पान आडवं आलं की अडतात. पण रेडिओची लाट हात-दोन हात लांब असली की ती पानाला जुमानत नाही, सरळ आत जाते, लोखंडावर आपटून माघारी येते.

"मग सोडा की लांब लाट."

"तिथंच तर गोची आहे, मावशी. लांब लाट सोडायची आणि झेलायची तर अँटेनाही तेवढी मोठी लागते. बाजेएवढी. लहान विमानाच्या पोटाखाली बाज कशी बांधणार? म्हणून ही वेटोळी. हलक्या पाटात अशी बाराशे दाटीनं बसवली की लाटेला तो पाट आहे त्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. मग अँटेना ताटाएवढी केली तरी चालते."

दगडाबाईनं थोडा वेळ विचार केला. "म्हंजी लाटंला फशिवायचं."

"फसवायचंच."

"आन् ती फसती?"

प्रज्ञाचा सूर खाली आला. "अर्धीमुर्धी. यंत्रावरच्या वेटोळ्यांचा पाट केला होता. लाट मोठं मानते, पण बाहेर पडताना पिळली जाते. उभी सोडली तर आडवी होऊन येते. आमचं यंत्र उभीची वाट बघत बसतं. मला वाटतं फटी सारख्या नाहीत म्हणून होतं तसं. साहेब आता एकच शेवटची चाचणी करू देणार आहेत."

तिनं नमुना मागितला. दगडाबाईनं पेटीतून नमुन्याचं एक वेढणं काढून दिलं. एकच दिलं हे तिच्या हाताला जरा खटकलं, पण पोरीनं एकच मागितलं होतं. प्रज्ञानं ते काचेखाली मोजलं, मान हलवली, आणि म्हणाली, "अगदी अशीच. बाराशे."

अठरा दिवस दगडाबाई बैठकीवरून फारशी हललीच नाही. शेगडी फुलवायची, तार लाल होऊ द्यायची, पाण्यात सोडायची, भोकांच्या पट्टीतून ओढायची, सळईवर वळायची, कापायची. गहिनीनाथची बायको निकिता ताट घेऊन यायची तर ताट गार होईपर्यंत ही बोटं थांबवायची नाही. तिला पुन्हा ऐरणीचा आवाज ऐकू येत होता, आणि त्या आवाजानं तिला किती बरं वाटायचं ते ती कुणाला सांगत नव्हती. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "कुनाचं लगीन काढलं?" ती सांगायची, "विमानाचं." झालेली वेढणी ती पुठ्ठ्यावर जोडी-जोडीनं ओवायची, पंचवीस वर्षं ओवत आली तशी. प्रयोगशाळेतले लोक पुठ्ठ्यावरून एकामागून एक उचलायचे आणि पाटाच्या भोकात बसवायचे.

चाचणी सुप्याच्या पलीकडच्या एका आमराईत होती. प्रज्ञानं निरोप धाडला, मावशी, तुम्ही पण या, एखादं वेढणं सैल झालं तर हाताशी असा. मग दगडाबाई आणि तिची पेटी दोघीही जीपमध्ये चढल्या. पेटी उतरवून आंब्याच्या एका झाडाखाली ठेवली. आमराईच्या आत दूर एक जुनी जीप फांद्यांनी झाकून उभी केली होती. कडेला ट्रक होता, ट्रकवर उंच शिडी, आणि शिडीच्या टोकावर तो पाट. ताटाएवढ्या अँटेनेच्या पाठीशी तिची बाराशे वेढणी. विमानाआधी शिडीवरून बघून घ्यायचं, अशी रीत होती.

रविराज सर म्हणजे प्रज्ञाचे साहेब. अंगानं भरलेले, बोलायला मोजके. त्यांनी पाटाकडे बघून विचारलं, "सगळी एकसारखी आहेत ना?"

"बाराशेच्या बाराशे, सर. एका वळणाची," प्रज्ञा म्हणाली.

एका वळणाची, हा शब्द दगडाबाईच्या कानावर पडला आणि ती चमकून पाटाकडे बघायला लागली.

कारण ती एका वळणाची नव्हती. पायात घालायचं वेढणं कधी एका वळणाचं नसतंच. निदान तिच्या घरात नसायचं. उजव्या पायाचं उजवीकडे चढत जातं, डाव्याचं डावीकडे, म्हणजे दोन्ही पायांना तारेचं टोक बाहेरच्या अंगाला राहतं आणि लुगड्याचा काठ त्यात अडकत नाही. कानिफनाथनं पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते हेच. सळईवर एक असं वळायचं, एक तसं. आता तिला ते ठरवावंही लागत नसे, हात आपोआप उलटा पडायचा. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. उलटवून धरलं तरी डाव्याचं उजवं होत नाही, पण हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच कळतं. फटी मोजणाऱ्यांनी फटी मोजल्या होत्या. नमुना होता उजव्या पायाचा. तिनं सहाशे उजवी वळली होती आणि सहाशे डावी.

तिनं सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. वर शिडीवर पाट चढला होता. आता सांगून काय होणार होतं, असं तिनं स्वतःला समजावलं. खरं कारण भीती हे होतं. पोरीची शेवटची चाचणी आपल्या सवयीनं बुडवली, असं तिला वाटत होतं.

यंत्र सुरू झालं. एका पेटीतून कागदाची पट्टी सरकत बाहेर येत होती आणि पट्टीवर पेनानं रेघ उमटत होती. पानांची बारीक थरथर, थरथर, आणि मग एक उंचवटा. ठसठशीत.

"जीप!" प्रज्ञा ओरडलीच. "सर, उभीच्या उभी आली लाट. पीळ नाही. अजिबात नाही!"

रविराज सर खाली वाकले. त्यांचं बोट जीपच्या अलीकडे थांबलं होतं. तिथं आणखी एक उंचवटा होता, लहान, पण स्वच्छ. "आणि हे काय? इथं तर आपण काही ठेवलेलं नाही." ते सरळ उभे राहिले. "भूत आहे. पाट भुतं दाखवत असेल तर त्याचा उपयोग नाही, प्रज्ञा." नसलेल्या वस्तूचा उंचवटा दिसला तर त्या लोकांत त्याला भूत म्हणतात.

"किती लांब हाय म्हनता ते?" दगडाबाईनं विचारलं. तिथं तिला कुणी विचारलं नव्हतं.

"साठ मीटरच्या आसपास."

ती झाडीकडे बघत राहिली, ओठांतल्या ओठांत पावलं मोजल्यासारखी. मग म्हणाली, "मपली पेटी हाय ती."

दोन माणसं धावली. पेटी उचलून दहा पावलं मागे नेली, आणि पट्टीवरचा लहान उंचवटाही तेवढाच मागे सरकला. आणखी मागे नेली, तोही आणखी मागे सरकला. रविराज सर हसले, मोजून एकदा, पण हसले. परतताना त्यांनी दगडाबाईला जीपमध्ये पुढं बसवलं. "बाई, यंत्राला जमलं नाही ते तुमच्या हाताला जमलं. तार तापवण्यात काहीतरी आहे तुमच्या. विमानासाठी असे बरेच पाट लागतील. काम आता तुमच्याकडेच. वर्ष-दोन वर्षं पुरेल."

गहिनीनाथ शब्दाचा पक्का निघाला. त्याच संध्याकाळी त्यानं पडवीत बूथसाठी फूटपट्टी लावून खुणा केल्या. दगडाबाईनं ऐरणीवरची राख पुसली आणि जेवताना दोन भाकरी खाल्ल्या. ती सुखात होती. फक्त एक गोष्ट तिला टोचत होती. आपण चूक केली, आणि काम फत्ते झालं. हे कसं? चुकीमुळं झालं, की चूक असूनही झालं? एकदा हा प्रश्न डोक्यात शिरला तो बाहेर निघेना. भांडी घासताना तो होता, तार ओढताना तो होता.

आठ दिवसांनी प्रज्ञा आली, एकटीच, एसटीनं. डोळे ओढलेले.

"मावशी, मला कळत नाही," बूट काढायच्या आधीच ती म्हणाली. "फटी सारख्या केल्या म्हणून पीळ गेला असं सगळे म्हणतात. पण मी हिशेब मांडून बघितला. दहा वेळा मांडला. फटींचा आणि पिळाचा काही संबंध लागत नाही. त्या वेटोळ्यांनी लाट पिळायलाच पाहिजे. तुमच्या पाटानं पिळली नाही. का नाही पिळली? हे कळल्याशिवाय मी अहवालात काय लिहू? सोनारीणबाईंच्या हाताला गुण आहे असं?"

"तसंच लिव्हा की," दगडाबाई म्हणाली.

प्रज्ञा हसली नाही. "साहेब तेच म्हणतात. चालतंय ना, मग चालू दे. पण मावशी, माहीत नसताना चालतंय याचा मला त्रास होतो."

दगडाबाईनं शेगडीत कोळसा सारला, गरज नसताना. पोरीनं तिच्या मनातलंच बोलून दाखवलं होतं. आता इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दगडाबाई भोळी नव्हती. बोललो तर काय होईल हे तिला पुरतं ठाऊक होतं. हाताला गुण आहे असं मानलं जाईल तोवर काम या खोलीत येईल. गुण हातात नसून डाव्या-उजव्यात आहे असं निघालं, तर कारखान्याला काय, यंत्राचा दांडा उलटा फिरवला की डावी तयार. तार तापवून घेणंही त्यांना सांगता येईल. मग बाराशे काय, बारा हजार निघतील दिवसात. न बोलणं म्हणजे खोटं बोलणंही नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पण तिला स्वतःला जाणून घ्यायचं होतं, आणि ते सांगणारी जगात एकच माणूस होती, ती समोर बसली होती.

तिनं दोन ताटल्या घेतल्या. पुठ्ठ्यावरची उरलेली वेढणी हातात धरून, न बघता, नुसत्या बोटांनी चाचपून एकेक टाकायला लागली. एक या ताटलीत, एक त्या.

"काय करताय?"

"ही उजव्या पायाची. ही डाव्या. तुमाला दिलेल्यात सहाशे अशी हुती आन् सहाशे तशी. चुकलं मपलं. तुमी येकच नमुना नेलता. हाताला सवय, जोडीबिगर वळतच न्हाई."

प्रज्ञानं एक या ताटलीतलं उचललं, एक त्या. डोळ्यांजवळ नेलं, फिरवलं, उलटवलं.

"आमी बाजंचं सुंब वळतो," दगडाबाई हळू आवाजात म्हणाली, "येकाच अंगाला पीळ देत गेलं तर ते गुंडाळतं. दुसरा पदर उलटा वळला की सरळ ऱ्हातं. तसलं काय असंल का? म्या आठ दिवस हेच घोकतीय. का उगा मपलं आपलं..."

"मावशी," प्रज्ञा म्हणाली. "अर्धी या बाजूला पिळतात, अर्धी त्या बाजूला. एकूण पीळ शून्य. देवा. इतकं सोपं."

"पन खरं हाय का?"

"बघावं लागेल. सगळी उजवी करून बघायला हवं. पीळ परत आला तर खरं."

त्यासाठी आणखी सहाशे उजवी वेढणी दगडाबाईनंच वळून दिली. जुन्या पाटातली डावी काढून तिथं ही बसवायची होती. तिला हे काम जड गेलं, कारण हात दर दुसऱ्याला उलटा पडायचा आणि त्याला आवरावं लागायचं. आणि कशासाठी वळतोय हेही माहीत होतं. निकितानं विचारलं, "आत्या, रडताय का?" तर म्हणाली, धूर हाय. पण तिनं एकही वेढणं खोटं वळलं नाही. शेवटचं हातावेगळं झालं तेव्हा मात्र तिला लाडू वळून होईपर्यंत वाट बघणाऱ्या लेकरागत झालं होतं, कधी एकदा कळतंय म्हणून.

पीळ परत आला. आमराईत जीप दिसली ती पुसट, आणि मुद्दाम परत झाडाखाली ठेवलेल्या पेटीची तर खूणही नाही. मग डावी-उजवी परत बसवली, आणि दोन्ही उंचवटे जागच्या जागी हजर. प्रज्ञानं दोन्ही पट्ट्या दगडाबाईच्या मांडीवर ठेवल्या. दगडाबाईनं त्यांवरून बोट फिरवलं. पंचवीस वर्षं लुगड्याचा काठ अडकू नये म्हणून वळत होतो त्या वळणात एवढं काही होतं, हे तिला कळलं आणि तिला अंगभर आनंद झाला. तो खरा आनंद होता. दुःख नंतर आलं.

अहवालात प्रज्ञानं त्या रचनेला 'डी-यू मांडणी' असं नाव दिलं. रविराज सरांना ते कुठलं तरी शास्त्रीय नाव वाटलं. डी म्हणजे डावी आणि यू म्हणजे उजवी, हे तिनं त्यांना सांगितलं तेव्हा ते दुसऱ्यांदा हसले. आणि मग, जे व्हायचं ते झालं. पाट बरेच लागणार होते, कारखाना जवळ होता. सरांनी दगडाबाईला मनापासून आभाराचं पत्र लिहिलं. काम कारखान्याकडे गेलं.

गहिनीनाथला तिनं स्वतःच सांगितलं. "गवंडी बोलीव."

"आये, ऱ्हाऊ दे की. संक्रांत लांब हाय अजून."

"ठरलंय ना? मग बोलीव."

ऐरण निघाली. बाभळीचं खोड काही निघेना, तेव्हा गवंड्यानं ते तसंच ठेवून त्यावर फळी ठोकली आणि फळीवर फोन बसला, लाल रंगाचा. माणसं रांगेनं यायला लागली. पेटी पडवीत गेली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात यायला लागली. दगडाबाईला तिच्याकडे बघवत नसे. रिकामे हात मांडीवर ठेवून बसायची तिला सवय नव्हती, आणि ती दिवसातून दहा वेळा बूथमध्ये डोकावून यायची, माणसं काय बोलतात ते ऐकायला.

फाल्गुनात प्रज्ञाचं पत्र आलं. अमुक तारखेला विमान आमराईवरून उडणार आहे, वर बघा, मावशी, तुमची जोडी जाईल.

त्या दिवशी सकाळी दगडाबाईनं गहिनीनाथला टेम्पो काढायला लावला आणि पेटी चढवायला लावली.

"पेटी कुठं?"

"वारं खायाला."

आमराईत तिनं पेटी आधीच्या झाडाखाली ठेवली नाही. विहिरीच्या बाजूनं तिसरं झाड निवडलं, दाट, खाली ऊन पडत नव्हतं असं. तिथं ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही, प्रज्ञालाही नाही. ती स्वतः बांधावर जाऊन बसली. दुपारी विमान आलं, पांढरं, लहानसं. एकदा गेलं, वळलं, पुन्हा गेलं. तिनं कपाळावर हात धरून ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं. मग पेटी घेऊन घरी आली.

चौथ्या दिवशी बूथवरचा फोन वाजला. तिथून माणसं फोन करायची, तिथं फोन यायचा नाही, म्हणून गहिनीनाथ दचकला. त्यानं उचलला, ऐकलं, आणि पडवीकडे तोंड करून हाक मारली, "आये, तुला हाय! पुण्याहून!"

दगडाबाईनं आयुष्यात फोन कानाला लावला नव्हता. रांगेतल्या माणसांनी वाट दिली. ती फळीशी उभी राहिली. खाली तिचंच खोड होतं, पाय ठेवायची जागा पायाला माहीत होती.

"मावशी, मी प्रज्ञा. ऐकू येतंय? विमानाचे कागद आले. जीप दिसली, झकास दिसली. पण एक भानगड आहे. विहिरीकडून तिसऱ्या झाडाखाली काहीतरी दिसतंय. तिथं आमचं काही नव्हतं. सगळे डोकं धरून बसलेत. सर म्हणतात, भूत आहे."

तिनं दोन्ही हातांनी फोन धरला.

"मावशी? आहात ना?"

"तिसऱ्याच झाडाखाली दिसतंय? नक्की?"

"नक्की."

"मग सायबाला सांग, भूत न्हाई म्हनावं," दगडाबाई म्हणाली. "मपली पेटी हाय ती."